प्रकाश-आयनीभवन : अणूंतील व तप्त आयनद्रायूंतील प्रकाशविद्युत् परिणाम

अणू किंवा आयन (विद्युत् भारित अणू) याने फोटॉन (प्रकाशाचा ऊर्जापुंज) शोषून घेतल्यावर त्यातील इलेक्ट्रॉन मुक्त होण्याच्या क्रियेस प्रकाश-आयनीभवन म्हणतात. हाइन्रिख हर्ट्झ यांना १८८७ मध्ये धातूंच्या बाबतीत आढळलेल्या व ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये पुंज कल्पनेने उलगडलेल्या प्रकाशविद्युत् परिणामाचेच हे सुट्या अणूतील रूप होय. आइन्स्टाइन यांच्या समीकरणावरून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा कळते. परंतु तो बाहेर पडण्याची संभाव्यता किती, हे कळत नाही. सैद्धांतिक संशोधनाचा मुख्य भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. ही संभाव्यता क्षेत्रफळाच्या एककात मांडतात व तिला काटछेद म्हणतात.

सुटा अणू : डच भौतिकीविज्ञ एच्. ए. क्रामर्स यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉन सुटण्यास पुरेशा अशा किमान ऊर्जेपाशी, म्हणजे सीमा ऊर्जेपाशी, काटछेद सर्वाधिक असतो व पुढे तो कंप्रतेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. हायड्रोजनाच्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेसाठी हे सूत्र सीमेपाशी सुमारे २५ टक्क्यांनी जास्त मूल्य देते. पुंजयामिकीने हायड्रोजनाचे अचूक उत्तर लवकरच दिले. अडचण आहे ती अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंची. तेथे प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी क्षेत्रात स्वतंत्रपणे फिरतो, असे मानून गणित करण्याची प्रथा होती.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का झेनॉनाने दिला. त्याच्या एका आतील उपकवचात दहा इलेक्ट्रॉन असतात. त्यांची सीमा ऊर्जा सुमारे ६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. परंतु शोषणाचे शिखर तेथे न मिळता १०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, रुंद उंचवट्याच्या रूपात मिळते, असे १९६४ मध्ये दिसून आले. बाहेर पडू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनापुढील अपकेंद्री अडथळा हे त्याचे एक कारण आहे. तथापि शिखराची उंची व रुंदी तेवढ्याने जुळत नाही. लेनिनग्राड येथील मिरॉन अमुस्या व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतर दाखविले, की फोटॉनाला प्रतिसाद एक इलेक्ट्रॉन देत नसून संपूर्ण उपकवच सामुदायिकपणे देते. हीलियमाची कथा वेगळी आहे. त्याच्या दोन्ही इलेक्ट्रॉनांना एकाच फोटॉनाने उत्तेजित केल्यास एक खाली येतो व दुसरा निसटतो. या स्वयं-आयनीभवनामुळे ६० इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी दिसणारी असममित शोषणरेषा मॅडन व कॉडलिंग यांनी १९६३ मध्ये सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या साहाय्याने नोंदविली. अशा रेषेचा आकार देणारे सूत्र उगो फानो यांनी दोन वर्षे आधी, १९६१ मध्येच सिद्ध केले होते.

तप्त आयनद्रायू : आयनद्रायूत, म्हणजेच प्लाझ्मात, एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या विद्युत् भारांचे आयन एकत्र नांदतात. त्यांचे प्रमाण काढण्याचा पाया मेघनाद साहा यांच्या १९२० मधील समीकरणाने घातला. पण आयनद्रायू दाट झाला, की शेजारील आयन व इलेक्ट्रॉन यांच्या क्षेत्रांमुळे सीमा ऊर्जा खाली येते, वर्णरेषा रुंदावतात आणि सैलपणे बांधलेल्या अवस्था नाहीशा होतात. सीमा ऊर्जा नेमकी किती उतरते, यावर मतभेद आहेत : १९६६ मधील स्टूअर्ट व पायट यांचे प्रचलित सूत्र २०१२ मध्ये अमेरिकेत क्ष-किरण लेसरने केलेल्या ॲल्युमिनियमावरील प्रयोगाशी विसंगत ठरले, तर २०१३ मध्ये ब्रिटनमधील प्रयोगाशी ते बरेच जुळले.

या सर्व गणिताची कसोटी ताऱ्यांत लागते. प्रारण अडविण्याच्या द्रव्याच्या क्षमतेस अपार्यता म्हणतात. सेफीड ताऱ्यांच्या स्पंदनांचा मेळ बसावा म्हणून जड मूलद्रव्यांची अपार्यता दोन ते तीन पट असली पाहिजे, असे नॉर्मन सायमन यांनी १९८२ मध्ये सुचविले. त्यानंतर लंडनचे मायकेल सीटन यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गट व कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळा यांनी स्वतंत्रपणे गणिते केली, तेव्हा लोहाच्या असंख्य दुर्लक्षित वर्णरेषांमुळे ही वाढ खरोखरच मिळाली. ताऱ्यांनी आणवीय भौतिकीची चूक दाखवून द्यावी, ही घटना विरळाच.

सूर्याच्या बाबतीत मात्र असा समाधानकारक शेवट झालेला नाही. सूर्याच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजनादी मूलद्रव्यांचे प्रमाण पूर्वीच्या अंदाजापेक्षा कमी आहे, असे २००० नंतरच्या विश्लेषणांतून पुढे आल्यावर सूर्याची सैद्धांतिक रचना त्याच्या कंपनांवरून काढलेल्या रचनेशी जुळेनाशी झाली. संनयन विभागाच्या तळाशी, सुमारे २२ लाख केल्व्हिन तापमानाला, अपार्यता साधारण १५ टक्के वाढविल्यास हा फरक बराचसा मिटतो. सूर्यात सुमारे ३०,००० हायड्रोजन अणूंमागे लोहाचा एकच अणू असला, तरी तेथील अपार्यतेचा सुमारे चौथा हिस्सा लोहाचा असतो. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत २०१५ मध्ये जवळपास याच तापमानाला मोजलेली लोहाची अपार्यता निरनिराळ्या तरंगलांब्यांना गणितापेक्षा ३० ते ४०० टक्के जास्त भरली. एवढ्याने आवश्यक वाढीपैकी निम्मी मिळते. म्हणून सिद्धांतच अपुरा आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण त्याच पद्धतीने २०१९ मध्ये मोजलेल्या क्रोमियम व निकेल यांच्या बाबतीत लघू तरंगलांब्यांवरील सलग शोषणातील तफावत आढळली नाही. आवर्त सारणीत लोह या दोहोंच्या मध्ये येते. तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या संख्येनुसार क्रमाने न बदलणारा एखादा परिणाम सिद्धांतातून निसटला आहे किंवा लोहाच्या मापनातच काही दोष आहे, असे दोनच पर्याय उरतात. त्यांचा निवाडा करण्यासाठी लिव्हरमोर येथील लेसर यंत्रावर लोहाची स्वतंत्र मापने हाती घेण्यात आली आहेत.