शालेय संशोधन स्पर्धा : प्रयोगापूर्वीची पायरी

दिवाळीची सुटी संपली की राज्यातील शाळांतून विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते. तालुक्याच्या प्रदर्शनात एखाद्या टेबलावर खाण्याचा सोडा घातलेला मातीचा ज्वालामुखी उसळत असतो, शेजारी पवनचक्कीची प्रतिकृती फिरत असते आणि पलीकडे ठिबक सिंचनाचा देखावा मांडलेला असतो. या प्रदर्शनांचे मोल कमी नाही. कितीतरी मुलांना विज्ञानाची पहिली गोडी अशाच मांडवात लागली आहे. परंतु यांतीलच एखादी विद्यार्थिनी पुढे माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठीच्या संशोधन स्पर्धेत उतरू पाहते, तेव्हा तेथील रीत सर्वस्वी निराळी असल्याचे तिला व तिच्या शिक्षकांना उशिरा उमगते. हा उशीर कित्येकदा संपूर्ण वर्षाच्या श्रमांवर पाणी फिरवणारा ठरतो.

अशा स्पर्धांमध्ये सर्वांत मोठी मानली जाते ती अमेरिकेत भरणारी आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी स्पर्धा. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘आयसेफ’ या नावाने ओळखली जाते. ‘सायन्स सर्व्हिस’ या संस्थेने १९५० साली फिलाडेल्फिया येथे तिचा आरंभ केला, तेव्हा तिचे स्वरूप राष्ट्रीय होते आणि अवघे ३० विद्यार्थी तीत सहभागी झाले होते. १९५८ साली इतर देशांतील विद्यार्थी येऊ लागले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. ही संस्था आता ‘सोसायटी फॉर सायन्स’ या नावाने काम करते. याच संस्थेची १९४२ पासूनची दुसरी एक नामांकित स्पर्धा आहे. मात्र ती अमेरिकेतील शालान्त वर्गापुरतीच असल्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नाही. आयसेफचे दार नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना उघडे आहे, परंतु तेथे थेट अर्ज करता येत नाही. आपापल्या देशातील संलग्न स्पर्धेतून निवड व्हावी लागते. भारतात हे काम ‘आयरिस’ या राष्ट्रीय विज्ञान मेळ्याच्या द्वारे होते. केंद्र शासनाचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि खासगी उद्योगक्षेत्र यांच्या सहभागातून हा मेळा उभा राहिला आहे.

प्रतिकृती आणि संशोधन

आयसेफच्या नियमपुस्तिकेत एक वाक्य असे आहे की, आपल्याकडील प्रत्येक विज्ञान शिक्षकाने ते एकदा तरी वाचावे. प्रात्यक्षिके, ग्रंथांतील माहितीचे संकलन, एखादे तत्त्व समजावून देणाऱ्या प्रतिकृती आणि तयार सुट्या भागांची जुळणी हे संशोधनाधिष्ठित स्पर्धेस योग्य प्रकल्प नव्हेत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मांडवातील ज्वालामुखी, पवनचक्की आणि ठिबक सिंचन ही तिन्ही तेथे बाद. ज्याचे उत्तर पुस्तकात मिळते त्याला या स्पर्धेत स्थान नाही. उत्तर ठाऊक नसलेला, परंतु मोजमाप करून शोधता येईल असा प्रश्न हवा.

हा प्रश्न कोठून आणावयाचा, अशी शंका ग्रामीण भागातील शाळांकडून हमखास येते. महागडी उपकरणे आणि सुसज्ज प्रयोगशाळा यांवाचून संशोधन होत नाही, हा समज त्यामागे असतो. तो खरा नाही. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीचे उदाहरण घेऊ. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि भाव येईपर्यंत, म्हणजे काही वेळा दिवाळीपर्यंत, चाळीत राहतो. या काळात त्याचे वजन घटते, काही कांद्यांना कोंब फुटतात, काही सडतात. हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. ‘कांदा का सडतो?’ हा प्रश्न तिने घेतला तर तो एका विद्यार्थिनीच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यावर मोठमोठ्या संस्था वर्षानुवर्षे काम करीत आहेत. तोच प्रश्न अरुंद केला की हाती येतो : एकाच शेतातील, एकाच दिवशी काढलेला कांदा तागाच्या पोत्यात, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आणि बांबूच्या ताटीवर ठेवला, तर सोळा आठवड्यांत प्रत्येकाच्या वजनात किती घट होते?

आता यातील बारकावे पाहावेत. एक पोते, एक क्रेट आणि एक ताटी ठेवून तुलना केल्यास परीक्षक पहिलाच प्रश्न विचारील की, फरक साठवणीमुळे पडला की त्या पोत्यात मुळातच नरम कांदे गेले होते? म्हणून प्रत्येक पद्धतीचे निदान तीन गट हवेत. दहा किलोचा एक गट धरला तर नऊ गटांना नव्वद किलो, म्हणजे क्विंटलाहूनही कमी कांदा लागतो. कोणता कांदा कोणत्या गटात जावयाचा हे हाताने निवडू नये. चिठ्ठ्या टाकून ठरवावे. सर्व गट एकाच छपराखाली ठेवावेत. दर आठवड्यास एकाच वारी, एकाच वेळी वजन घ्यावे. ओल्या-कोरड्या फुग्याच्या तापमापकावर हवेतील आर्द्रता रोज टिपावी. सुकण्याने झालेली घट, कोंबांमुळे बाद झालेले कांदे आणि सडलेले कांदे यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. यासाठी वजनकाटा, तापमापक आणि एक जाड वही एवढेच साहित्य पुरते. अडचण आली तर राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र आहेच. अशा संस्थांतील शास्त्रज्ञांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी पत्र पाठवून शंका विचारण्यास हरकत नाही.

स्वाक्षरीची तारीख

येथवरचा मार्ग बहुतेक चांगल्या शिक्षकांना ठाऊक असतो. घोटाळा होतो तो पुढे. प्रयोग सुरू करण्यापूर्वी संशोधनाचा लेखी आराखडा तयार करणे या स्पर्धेत बंधनकारक आहे. विषय का निवडला, प्रश्न कोणता, कृती कशी करणार, धोके कोणते व त्यांवर उपाय काय, मिळालेल्या आकड्यांचे विश्लेषण कसे करणार आणि कोणते साहित्य वाचले, हे सर्व त्यात यावे लागते. त्यासोबत विद्यार्थ्याची, पालकांची आणि जबाबदार मार्गदर्शकाची विहित नमुन्यांतील कागदपत्रे असतात. काही प्रकारच्या प्रकल्पांना तर प्रयोगाच्या पहिल्या दिवसापूर्वीच समितीची मंजुरी लागते. माणसांवरील अभ्यास, पृष्ठवंशीय प्राण्यांवरील अभ्यास आणि रोगकारक ठरू शकणाऱ्या जैविक घटकांवरील काम हे ते प्रमुख प्रकार होत.

माणसांवरील अभ्यास म्हटला की औषधांच्या चाचण्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात वर्गमित्रांना वाटलेली साधी प्रश्नावलीही या सदरात मोडते. ‘दहावीच्या विद्यार्थ्यांची झोप व अभ्यास’ अशा विषयावर शंभर मुलांकडून उत्तरे भरून घेतली आणि मंजुरी नंतर मागितली, तर ती उत्तरे निरुपयोगी ठरतात. ही मंजुरी देणारी समिती शाळेच्या पातळीवरही स्थापन करता येते. तीत किमान तीन व्यक्ती असाव्या लागतात : एक शिक्षक, एक शाळा प्रशासनातील व्यक्ती आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातील जाणकार. विद्यार्थ्याचे पालक व प्रकल्पाचे मार्गदर्शक तीत बसू शकत नाहीत. तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक, दुसरा एखादा शिक्षक आणि डॉक्टर यांना एका टेबलाभोवती आणणे अशक्य नाही. मात्र ते आधी सुचले पाहिजे.

प्राण्यांच्या बाबतीतही असाच चकवा आहे. डासांच्या अळ्या हा कीटकवर्गातील विषय असल्याने त्यांना पृष्ठवंशीयांचे नियम लागू नाहीत. पण त्याच अळ्या खाण्यासाठी हौदात सोडले जाणारे गप्पी मासे पृष्ठवंशीय आहेत. ‘गप्पी मासे दिवसाला किती अळ्या खातात?’ हा निरुपद्रवी वाटणारा प्रकल्प त्या माशांपायी पूर्वमंजुरीच्या कक्षेत येतो. जंतूंच्या बाबतीत नियम याहून कडक आहेत. नदीच्या पाण्यातील किंवा हातांवरील जंतू घरच्या घरी काचपात्रात वाढवणे हे साफ निषिद्ध आहे. ते काम योग्य प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. उलट, पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टवरील प्रयोगांना, जनुकीय फेरफार नसल्यास, पूर्वमंजुरीतून सूट आहे.

आता पुन्हा कांद्याकडे वळू. साठवणीतील कांद्यावर काळी बुरशी येते, हे कोणताही शेतकरी सांगेल. खाद्यपदार्थावरील बुरशीच्या अभ्यासास पूर्वमंजुरीची गरज नसते. परंतु ही सवलत बुरशीचे पहिले चिन्ह दिसताच प्रयोग थांबवला तरच मिळते. सोळा आठवडे चालणाऱ्या साठवणीत हे कसे जमावे? तेव्हा वजनकाटा आणि वही यांवर चाललेला हा साधासुधा प्रकल्पही समितीपुढे आधीच ठेवणे शहाणपणाचे. बुरशी दिसलेला कांदा हातमोजे घालून त्याच दिवशी वेगळा काढू, मोजू आणि नष्ट करू, तो वाढवणार नाही, हे आराखड्यात स्पष्ट लिहावे आणि संलग्न मेळ्याच्या वैज्ञानिक समितीचा अभिप्राय घ्यावा. ज्या कागदावरची स्वाक्षरी मे महिन्यातील आहे आणि ज्या वहीतील पहिले वजन एप्रिलमधील आहे, त्या दोहोंचा मेळ नंतर कोणालाही घालता येत नाही. मुलीने वजने अचूक घेतली होती की नाही, हा प्रश्न मग उरतच नाही.

हे नियम जाचक वाटतात खरे. ज्या शाळेत एकच विज्ञान शिक्षक तीन वर्ग सांभाळतो, तेथे इंग्रजीतील विहित नमुने भरणे हा भारच आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. परंतु दुसऱ्याच्या शरीरास किंवा मनास इजा होऊ नये, प्राण्याला वेदना होऊ नयेत आणि घरातील लहान भावंडाच्या हाती जंतूंचे पात्र लागू नये, एवढाच या कागदांचा हेतू आहे.

वही आणि मुलाखत

प्रकल्पाची वही हा या स्पर्धेतील सर्वांत बोलका पुरावा असतो. ती शाईने लिहावी, तारखेनिशी लिहावी आणि तिचे पान फाडू नये. चुकलेला आकडा खोडून शेजारी नवा लिहावा, म्हणजे जुनाही वाचता येतो. एखाद्या आठवड्यात वजन घेणे राहून गेले तर तसे नमूद करावे. शेजारच्या दोन आकड्यांवरून तिसरा ठोकून देण्याचा मोह मोठ्यांनाही होतो; परंतु खोटे आकडे आणि उचललेला मजकूर यांना या स्पर्धेत क्षमा नाही. अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला म्हणून प्रकल्प फसला, असेही नव्हे. बांबूच्या ताटीवरील कांदा आणि क्रेटमधील कांदा यांत काही फरकच आढळला नाही, तर तेही एक उत्तर आहे आणि चाळ बांधण्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते कदाचित अधिक उपयोगी आहे.

एका प्रकल्पात एक विद्यार्थी किंवा तिघांपर्यंतचा गट भाग घेऊ शकतो. काम सलग बारा महिन्यांहून अधिक काळाचे असू नये. मागील वर्षीचाच विषय पुढे नेल्यास यंदा नवे काय केले, हे वेगळे दाखवावे लागते. विद्यार्थ्याने एखाद्या संशोधन संस्थेत काम केले असेल तर तेथील शास्त्रज्ञाने विद्यार्थ्याने स्वतः नेमके काय केले, हे लेखी द्यावे लागते. ही अट आपल्याकडील एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवते. पालकांनी आखलेला, शिक्षकांनी लिहिलेला आणि पेंटरने रंगवलेला प्रकल्प मुलाच्या हाती देण्याची प्रथा शहरांत आहे, तशीच खेड्यांतही आहे.

आयसेफच्या गुणपद्धतीत ती चालत नाही, याचे कारण शंभर गुणांच्या वाटणीत दिसते. प्रश्नाला १०, कृतीच्या आखणीला १५, प्रत्यक्ष कामाला २०, कल्पकतेला २० आणि मांडणीला ३५. या ३५ पैकी फलकाला केवळ १० गुण आहेत. उरलेले २५ मुलाखतीचे. परीक्षक विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलतात आणि त्या वेळी शिक्षकांना व पालकांना दालनात थांबता येत नाही. तीन गटच का घेतले, पाच का नाहीत? आर्द्रता वाढली त्या आठवड्यात काय झाले? पुन्हा करावयाचे झाल्यास काय बदलाल? ज्याने स्वतः वजने घेतली आहेत त्याला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातील मुलांना असते, परंतु अंतिम स्पर्धेत इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दुभाष्यांची सोय करण्यात येते. वक्तृत्वाला येथे वेगळे गुण नाहीत.

फलकाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर तो १२२ सेंटिमीटरहून रुंद, ७६ सेंटिमीटरहून खोल आणि जमिनीपासून २७४ सेंटिमीटरहून उंच असू नये. त्यावर किंवा त्यापुढे जिवंत प्राणी, रोपे, माती, पाणी, रसायने ठेवता येत नाहीत. कुंड्या आणि बाटल्या मांडण्याची सवय झालेल्या आपल्या मुलांनी छायाचित्रांवर आणि आलेखांवर भिस्त ठेवावी. कांदाही घरीच ठेवून यावा. प्रकल्पाचा सारांश २५० शब्दांत बसवावा लागतो आणि तो लिहिताना, काम खरोखर समजले आहे की नाही हे विद्यार्थ्याचे त्यालाच कळते.

ज्या शाळांना एकदम एवढ्या मोठ्या स्पर्धेस सामोरे जाणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी १९९३ साली सुरू झालेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद हा चांगला सराव आहे. तेथे दहा ते सतरा वयोगटातील मुले आपल्या परिसरातील प्रश्नावर, आपल्या भाषेत प्रकल्प करतात आणि दैनंदिन नोंदवही तेथेही मागितली जाते.

राष्ट्रीय मेळ्याच्या नोंदणीच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या जाहीर होण्याची वाट पाहत बसल्यास कांद्याचा हंगाम निघून जातो. एप्रिलमध्ये कांदा काढणीस येणार असेल, तर प्रश्न जानेवारीत ठरावा, आराखडा फेब्रुवारीत लिहून व्हावा आणि तो समितीकडे मार्च उजाडण्यापूर्वी पोहोचावा. वार्षिक परीक्षा त्याच सुमारास असते. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक आखताना तेवढे ध्यानात घ्यावे.