लशीच्या चुकांचा हिशेब

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्याआधी चारच वर्षं मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती आणि पेठ स्टेशनाच्या शेजारी उभी राहिली ती मालाची चढउतार सोपी व्हावी म्हणून. पण गाडीतून नुसता माल येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि पुढच्या काही वर्षांत तो कोल्हापूर संस्थानातही पोहोचला. लोकांना घरं मोकळी करून गावाबाहेर झोपड्यांत राहावं लागलं. त्याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हा भाग शाळेत सांगितला जातो. त्यानंतरचा सहसा सांगितला जात नाही, आणि लशीबद्दलच्या आजच्या बहुतेक गैरसमजांचं उत्तर त्यातच आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ही लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांना पद सोडावं लागलं, त्यांच्या प्रयोगशाळेवर ठपका आला. पुढे बारकाईने तपासणी झाली तेव्हा दिसलं की बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाच काही झालं नव्हतं. शिवाय गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उघडपणे बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. एकोणीस माणसं गेली ही गोष्ट खरी, ती झाकायचं कारण नाही. पण कशामुळे गेली हे शोधलं गेलं, आणि म्हणूनच पुढच्या लाखो माणसांना लस देता आली.

म्हणून लशीबद्दलचा पहिला गैरसमज लशीच्या बाजूने बोलणारेच पसरवतात असं माझं मत आहे. ‘लस शंभर टक्के सुरक्षित आहे, काहीही होत नाही,’ हे वाक्य व्यासपीठावर ऐकायला बरं वाटतं. मग रात्री बाळाला ताप भरतो आणि आईला वाटतं की आपल्याला फसवलं. कोणतंच औषध असं नसतं, क्रोसिनची गोळीसुद्धा नाही. प्रश्न असा विचारायला हवा की लशीने काय काय होऊ शकतं, किती जणांना होतं, आणि लस घेतली नाही तर त्याच्या तुलनेत काय होतं. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर तापामुळे झटका येण्याचं प्रमाण साधारण तीन हजार डोसांमागे एक आहे आणि अशा झटक्याने मुलाचं कायमचं नुकसान होत नाही. गंभीर अ‍ॅलर्जी दहा लाखांमागे एखाद्याला होते. खुद्द गोवरात मेंदूला सूज येण्याचं प्रमाण हजारामागे एक आहे, आणि चांगल्या दवाखान्यांच्या देशांतही हजारामागे एक ते तीन मुलं दगावतात. गूळ घेणारा व्यापारी ढेप फोडून बघतो, नुसत्या रंगावर सौदा करत नाही. लशीचे आकडेही तसेच फोडून बघावेत, त्यात लशीचंच भलं आहे.

तापाचं आणखी एक प्रकरण कोल्हापुरात घरोघरी चालतं. सरकारी दवाखान्यातल्या पेंटा या एकत्रित लशीने ताप येतो, खासगीत महागडी ‘न दुखणारी’ मिळते, म्हणजे सरकारी लस हलकी, असा हिशेब लोक मांडतात. पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग हा अख्ख्या मारलेल्या जंतूंचा असतो. न दुखणाऱ्या लशीत त्याच जंतूचे काही निवडक तुकडे असतात. पहिल्या लशीने शरीर जास्त खवळतं, म्हणून ताप येतो आणि मांडी सुजते. पण दुसऱ्या लशीचं संरक्षण लवकर ओसरतं, हे तिच्याकडे वळलेल्या श्रीमंत देशांना काही वर्षांनी कळलं. पैसे असतील त्याने खासगीत जावं, त्यात चूक काही नाही. मात्र सरकारी लस दुय्यम आहे ही समजूत चुकीची आहे. तापाला भिऊन डोसच टाळला तर काय होतं ते जपानने दाखवून दिलं आहे. तिथे १९७५ मध्ये लशीनंतर दोन मुलांचा मृत्यू झाल्याने डांग्या खोकल्याची लस थांबवली आणि लोकांनी पाठ फिरवली. १९७४ मध्ये देशभरात चारशेच्या आत रुग्ण होते, मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये सुमारे १३,००० रुग्ण झाले आणि ४१ जण दगावले.

पोलिओचा डोस तर हिशेब चोख ठेवल्याचं उत्तम उदाहरण आहे. तोंडावाटे देतात त्या थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, आणि अगदी क्वचित, साधारण २७ लाख पहिल्या डोसांमागे एखाद्या मुलाला, त्यानेच पक्षाघात होतो. हे कोणा व्हॉट्सअ‍ॅपवीराने शोधून काढलेलं नाही, आरोग्य संघटना स्वतःच ते छापतात. म्हणूनच आपल्याकडे २०१५ च्या अखेरीस टोचायची पोलिओ लस सुरू झाली, तिच्यात विषाणू मेलेला असतो. निसर्गातून नाहीसा झालेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू २०१६ च्या एप्रिलमध्ये थेंबांमधूनही काढून टाकला. ‘लशीमुळे पोलिओ होतो’ असं म्हणणारा अर्धं खरं बोलत असतो. उरलेलं अर्धं असं की ज्या देशात दरवर्षी हजारो मुलं पांगळी होत, तिथे निसर्गातल्या विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. त्यानंतर एकही नाही.

स्वमग्नतेचा मुद्दा फार जागा खाऊ नये. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या लशीशी तिचा संबंध जोडला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणं वयाच्या ज्या टप्प्यावर लक्षात येऊ लागतात, त्याच सुमारास लशीही असतात. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. एका दिवशी तीन-चार लशी दिल्या तर बाळाला सोसत नाहीत, हीदेखील अशीच समजूत. रांगणारं मूल दिवसभरात तोंडात घालतं त्या जंतूंपुढे लशींतले घटक मोजकेच असतात.

कोव्हिशिल्डबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिची भीती अजून गेलेली नाही. २०२४ मध्ये ‘गुठळ्यांचा धोका कंपनीने न्यायालयात कबूल केला’ अशी बातमी आली आणि तीन वर्षांपूर्वी लस घेतलेल्या माणसांची झोप उडाली. रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट पेशी घटण्याचा हा धोका २०२१ च्या एप्रिलमध्येच युरोपच्या औषध नियामकांनी जाहीर केला होता. ब्रिटनने त्याच महिन्यात तिशीच्या आतल्यांना वेगळी लस द्यायला सुरुवात केली होती. प्रमाण लाखामागे एक-दोन असं होतं, तरुणांत थोडं जास्त. आणि हा त्रास होतो तो डोसानंतर पहिल्या काही आठवड्यांत, वर्षांनी नव्हे. राहिला जिममध्ये किंवा गरब्यात अचानक कोसळणाऱ्या तरुणांचा प्रश्न. त्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयाच्या लोकांचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने अशा मृत्यूचा धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढला होता तो कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घरात असे अचानक मृत्यू झालेल्यांत, भरमसाट दारू पिणाऱ्यांत आणि अंगमेहनतीचा अतिरेक केलेल्यांत.

यावर कोणी म्हणेल, लस चांगली असेल, पण देणारी माणसं? आक्षेप रास्त आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, पण ही अक्षम्य हलगर्जी होती. सामोआ या छोट्या बेटांच्या देशात २०१८ मध्ये परिचारिकांनी लशीच्या भुकटीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं आणि दोन बाळं दगावली. मग सरकारने कित्येक महिने लसीकरण थांबवलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवर साथीत दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जणांचा बळी गेला, बहुतेक लहान मुलं. चूक दोन बाळांना भोवली, चुकीनंतरची भीती कित्येक पटींनी जास्त जणांना.

अशा चुकांवर पालकांना स्वतः नजर ठेवता येते, हे फारसं कोणी सांगत नाही. बाटलीच्या लेबलावर एक गोल आणि त्यात फिका चौकोन असतो. लस उष्णतेत राहिली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाचा झाला की ती बाटली टाकून द्यायची असते. गोवर-रुबेला आणि बीसीजी या भुकटीच्या लशी. त्या पातळ केल्याची वेळ बाटलीवर लिहायची असते आणि चार तासांनंतर त्या वापरायच्या नसतात. सिरिंज अशी असते की एकदा दट्ट्या दाबला की तो अडकतो, पुन्हा भरताच येत नाही. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात ते गंभीर अ‍ॅलर्जी आलीच तर हाताशी औषध असावं म्हणून. ‘ताई, बाटली दाखवा’ म्हटल्यावर कोणी रागावू नये, आणि रागावलं तरी विचारावं.

‘आता आहेत कुठे ते रोग?’ हा आक्षेप सुशिक्षित घरांत जास्त ऐकू येतो. सांडपाणी, स्वच्छता आणि आहार सुधारल्याने रोग गेले, लस उगाच श्रेय घेते, असं त्याचं पुढचं पाऊल. पटकीसारख्या रोगांना ते बरंचसं लागू आहे. गोवराला नाही, कारण तो हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथे राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा दगावलेल्यांत लस न झालेली मुलंच जास्त होती. गोवर अंगातून ‘बाहेर पडू द्यावा’, त्याने मूल कणखर होतं, ही जुनी समजूतही उलटी आहे. गोवर शरीराची आधीच्या रोगांशी लढण्याची आठवण पुसून टाकतो आणि मूल नंतरच्या न्यूमोनियाला, जुलाबाला सहज बळी पडतं. शेजाऱ्याच्या मुलाला लस झाली तर माझ्या मुलाची त्याला भीती कसली, असंही विचारतात. भीती आहे ती नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याचं वय लशीचं झालेलंच नसतं, त्याला आजूबाजूच्यांचीच ढाल. आणि गोवरासाठी ती ढाल शंभरात पंचाण्णव जणांची लागते. धनुर्वात त्याहून वेगळा, तिथे दुसऱ्याची ढाल चालतच नाही. शाहूपुरी-उद्यमनगरातल्या कारागिराला पत्रा लागला की तो आधी ‘टीटी’ घ्यायला धावतो, एकही शंका न विचारता. तीच लस घरी बाळासाठी आली की शंका सुरू होतात. (गंजाने धनुर्वात होत नाही, मातीतल्या जंतूने होतो. लहानपणीचे सगळे डोस झाले असतील तर दर सहा महिन्यांनी टीटी घ्यायची गरजही नसते.)

सक्ती करावी का? माझ्या मते नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरं उघडून लोकांची विटंबना केली, त्याची परिणती प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. लोकांना दोन्ही आठवतात, पण ऐकलं ते कोणाचं असेल हे सांगायला नको.

कोल्हापूर जिल्ह्यात आज लस न झालेली मुलं शोधायची तर शहरातल्या फ्लॅटांपेक्षा उसाच्या फडात आणि गुऱ्हाळावर शोधावी लागतील. हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या मजुरांची मुलं गावच्या यादीतून निघतात आणि इथल्या यादीत चढत नाहीत. एक डोस तिकडे, दुसरा कुठेच नाही. आरोग्य विभागाची फिरती पथकं असतात, पण कुठल्या गुऱ्हाळावर किती मुलं उतरली आहेत हे त्यांच्या आधी अडत्याला आणि गुऱ्हाळमालकाला ठाऊक असतं. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे सुरू होतील तेव्हा आपल्या ओळखीच्या गुऱ्हाळावरच्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावं जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना किंवा गावच्या आशाताईंना कळवा. कार्ड हरवलं असलं, डोस चुकला असला तरी चालतं. अनेक लशी उशिरासुद्धा देतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि सरकारी केंद्रात त्यासाठी पैसे पडत नाहीत.