रजिस्टरातले कुटुंब

केडगावहून सोलापूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात दौंड येते. १८७८मध्ये इथून मनमाडकडे फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली इंग्रज कुटुंबे इथल्या वसाहतीत राहिली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज जगभर पांगली आहेत. ‘आमचे पणजोबा दौंडला होते’ एवढ्याच धाग्यावर ती विचारणा करतात, आणि तो धागा धरून मागे जाणे हे माझे आवडते काम आहे.

सुरुवात बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून करावी. चर्चमधल्या रजिस्टरची नक्कल मुंबईमार्गे लंडनला जाई. मुंबई इलाख्याच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ नोंदींची चित्रे संगणकावर पाहता येतात. एका आडव्या ओळीत बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा हुद्दा आणि पाद्र्याचे नाव असते. सूचीत दौंड इंग्रजी वळणाने ‘धोंड’ म्हणून शोधावे लागते. केडगाव शोधताना लक्षात ठेवावे, अहिल्यानगरजवळही एक केडगाव आहे, त्याच्याशी गल्लत होऊ द्यायची नाही.

एका ओळीवर थांबू नये, सगळ्या भावंडांच्या ओळी शेजारी-शेजारी मांडाव्यात. थोरल्याच्या वेळी बाप फायरमन असतो, धाकटीच्या वेळी ड्रायव्हर झालेला असतो. राहण्याचे ठिकाण बदलत जाते, त्यावरून बदल्या कळतात. कधी दोन-तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला दिसतो. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख मानायची नाही.

पण हा बाप इंग्लंडातल्या कुठल्या गावचा, हे त्या ओळीत नसते. ते इंग्लंडच्या जनगणनेत शोधायचे. तिथे १८५१पासून घरातल्या प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, धंदा आणि जन्मगाव लिहिलेले असते. १८४१च्या गणनेत मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, तिथे वयावर विसंबता येत नाही. अडचण वेगळीच असते: एकाच नावाची आणि साधारण त्याच वयाची माणसे डझनाने सापडतात. त्यातला आपला कोणता? इथे विवाहनोंद उपयोगी पडते, कारण तिच्यात वराच्या आणि वधूच्या वडिलांचे नाव असते. मग ज्या घरात त्या नावाचा बाप आणि त्या वयाचा मुलगा एकत्र आहेत, ते घर शोधायचे. पुढच्या गणनेत तो मुलगा त्या घरातून नाहीसा झाला आणि इकडच्या रजिस्टरात आला, तर आपण योग्य वाटेवर आहोत.

उलट्या बाजूनेही असेच. शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलेल्या मुलाच्या नावापुढे जनगणनेत पुष्कळदा नुसते ‘ईस्ट इंडीज’ असते. त्याचे नेमके ठिकाण बाप्तिस्म्याची नोंद सांगते. भारतातल्या जनगणनेकडून ही मदत मिळत नाही. १७ फेब्रुवारी १८८१ला देशभर एकाच वेळी शिरगणती झाली, पण घरोघरचे तक्ते पुढे जपले गेले नाहीत. छापील कोष्टकांत माणसांचे आकडे आहेत, नावे नाहीत.

दोन जनगणनांच्या मधल्या फटीतून किती मोठे माणूस निसटू शकते, हे केडगावातच शिकायला मिळते. १८९६-९७च्या दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा देऊन इथे मुक्ती मिशन उभे करणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. १८८६च्या आरंभी त्या अमेरिकेला निघाल्या. इंग्लंडात शिरगणती झाली १८८१ला आणि नंतर १८९१ला. म्हणजे जवळपास तीन वर्षे तिथे राहूनही त्या एकाही गणनेत आल्या नाहीत. मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१चा, भारतातली शिरगणती उरकून जवळजवळ दोन महिने झाल्यावरचा. नुसत्या जनगणनेवर विसंबणारा संशोधक या मायलेकी इंग्लंडात कधी नव्हत्याच, असे लिहून मोकळा होईल. म्हणून एखादे नाव गणनेत सापडले नाही, तर आधी गणनेचे वर्ष पाहावे आणि मग मधली दहा वर्षे दुसऱ्या कागदांनी भरावीत.

सर्वांत जास्त निसटतात त्या बायका. बाप्तिस्म्याच्या ओळीत आईचे नाव असते, तिचे माहेरचे आडनाव नसते. रेल्वेतल्या ज्या इंग्रजांनी इथल्याच मुलींशी लग्ने केली, त्यांच्या घरांत तर आईच्या बाजूचा अर्धा वंश या एका रिकाम्या जागेत हरवतो. तो परत मिळवायचा तर तिची विवाहनोंद शोधावी लागते, नंतर तिच्या वडिलांच्या नावावरून तिचा स्वतःचा बाप्तिस्मा. वेळ लागतो, पण हा भाग कधीही टाळू नये. बापाच्या आडनावामागे धावून काढलेली वंशावळ दिसायला लांबलचक दिसते, तरी ती अर्ध्याच घराची असते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच काम सांगते: घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजीचे आणि पणजीचे माहेरचे नाव विचारा, आणि ते आजच लिहून ठेवा.