चार आकडे आणि एक मिनिट

आम्ही डॉक्टर नव्हे. उमेदीची वर्षे कामगार संघटनेत घालवलेली माणसे. परंतु आजारी सहकाऱ्यांच्या खाटेशी रात्री काढता काढता तिथला तक्ता वाचायला शिकलो.

ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब या शरीराच्या चार खबरा होत. प्रौढ माणूस स्वस्थ असताना नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, रक्तदाब १२०/८० च्या आसपास, ताप ९८.६ अंशांच्या मागेपुढे असतो. मात्र बॉयलरवरचा जाणता कामगार काटा नुसता पाहत नाही. तासापूर्वी तो कोठे होता हेही ध्यानात ठेवतो. तक्त्याचेही तसेच. जर्मनीतील वुंडरलिश यांनी १८६८ साली तापाच्या असंख्य नोंदींवर ग्रंथ लिहिला, तोही चढउतार वाचण्यासाठीच.

चौघांत दुर्लक्षित राहतो तो श्वास. वस्तुतः प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा तोच आधी वाढतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याचे गुण ठरवले, त्यांत मिनिटाला २५ वा अधिक श्वासांना सर्वाधिक ३ गुण दिले. पण आपला श्वास मोजतात हे कळले की रोग्याचा श्वास बदलतो. म्हणून कसलेली सिस्टर नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही. नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजते.

एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या तक्त्यावर रात्रभर श्वास ‘२०’ लिहिलेला. सकाळी पाहावे तो गडी धापा टाकतोय! सुदैवाने तो वाचला. आम्ही सिस्टरवर संतापलो. ती शांतपणे म्हणाली, “काका, रोगी साठ, मी एकटी. हिशेब तुम्हीच करा.”

केला. प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे नुसता श्वास मोजायलाच तास! उरलेले तीन आकडे, औषधे, सलाईन केव्हा? त्या दिवशी आम्ही खजील झालो. न मोजता आकडा लिहिणे चूकच. पण ते मिनिट तिच्यापासून हिरावले कोणी? परिचारिका वाढवा, ही मागणी म्हणूनच रोग्याचीही आहे.

आपण घरी एवढे करावे: घड्याळ समोर ठेवून रोग्याचा श्वास पूर्ण मिनिट मोजावा, वेळेसह लिहावा आणि वाढत गेला तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.