चौथ्या दशांशासाठी

विमानाच्या पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेचं गणित करण्यासाठी मी संगणकावर जाळीचा पहिला थर टाकते, तो केसाहूनही पातळ असतो. पंखाची सरासरी रुंदी सात मीटर, आणि हा थर काही मायक्रॉनचा! हवा पंखाला घासते ती इथेच. इथला हिशोब चुकला की पुढचं सगळं चुकलं. त्यावर थरावर थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरासा जाड. पंख धडाला मिळतो त्या सांध्यात हे थर एकमेकांत घुसतात. माझे कितीतरी दिवस त्या एका सांध्यात जातात.

आकार नासाच्या ‘कॉमन रिसर्च मॉडेल’चा, सगळ्यांना खुला. माख ०.८५, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट; लिफ्टचा, म्हणजे उचलीचा, गुणांक ०.५. पंख आणि धड मिळून ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, गुणांक ०.०२५च्या आसपास येतो. आमची भाषा मात्र काउंटची : एक काउंट म्हणजे ०.०००१. लांब पल्ल्याच्या विमानात एक काउंट म्हणजे ढोबळमानाने एक प्रवासी, असं या धंद्यात म्हणतात. २००१ साली ड्रॅगच्या अंदाजावर पहिली कार्यशाळा झाली, तेव्हा एकाच विमानाची उत्तरं गटागणिक कित्येक काउंटनी वेगळी आली होती. म्हणून एका जाळीवरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. जाळी बारीक करत जायचं आणि आकडा कुठे स्थिरावतो ते बघायचं.

मग ड्रॅग कमी करायला आकार बदलायचा. पंखावर शेकडो बिंदू. प्रत्येक हलवून वेगळं गणित करायचं तर महिने जातील. अँटनी जेमसन यांनी १९८८ साली विमानाच्या आकारासाठी मांडलेल्या ॲडजॉइंट पद्धतीत एकाच जादा गणितातून सगळ्या बिंदूंचा कल कळतो. पंखाचा नकाशा रंगून समोर येतो : लाल तिथे दाबा, निळा तिथे उचला. हा नकाशा पहिल्यांदा उमटला तेव्हा मी जेवायला जायची विसरले होते.

त्या पहिल्या पंखावरचा शॉक, म्हणजे हवेच्या दाबाची अचानक उडी, जवळजवळ पुसला गेला. आनंदाने सरांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “०.८४ला चालवून बघितलंस?”

चालवला. एकाच्या जागी दोन शॉक उभे राहिले. गणिताने मी मागितलं तेच दिलं होतं. मी एकच वेग मागितला होता.

आता मी पाच वेग एकत्र देते. ०.८५ला काही काउंट सोडावे लागतात. ते मी आनंदाने सोडते. सगळ्यात बारीक जाळी रात्रीच लावली आहे. सकाळपासून चौथा दशांश अजून हलतोय.