तक्रारीनंतरची बदली

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. नियतकालिकांनी झोड उठवली, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये पाठराखण केली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. पुढे बाया नोकरीला लागल्या, आणि तोंड उघडणारीला गप्प करायला टीकेची गरज उरली नाही. एक आदेश पुरायला लागला. देऊळगाव राजाच्या बाईला घाटाखाली, जळगाव जामोदला धाडलं की झालं. कारण ठरलेलं : ‘प्रशासकीय’.

ही खोड महाराष्ट्राच्या कायद्याने बरीच आधी ओळखली होती. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याची चौथी अनुसूची वाचावी. धोरणाच्या आडून आकसाने केलेली बदली, सूडबुद्धीने कामावरून काढणं, मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून दुजाभाव करणं, सगळं तिथे नोंदलेलं आहे. पण हे कवच ‘कामगार’ ठरणाऱ्यांना. व्यवस्थापनातली बाई त्याबाहेर.

राजस्थानच्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, तो सरकारी योजनेचं काम करताना बालविवाह अडवू पाहिला म्हणून. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा १९९७ चा विशाखा निकाल आला. तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास होता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. याच विषयावरच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार बाईला चौकशीपुरती बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. नियमांनुसार आरोपीला तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासूनही रोखता येतं. तक्रार खोटी निघाली तर काय, याला स्वतंत्र कलम आहे. खरी तक्रार केली म्हणून उगवलेल्या सुडाला मात्र नाही. मला ही उणीव साधी वाटत नाही.

ती भरून काढावी लागते न्यायालयात. इंदूरच्या एका महिला बँक अधिकाऱ्याने शाखेतले गैरव्यवहार कळवले, वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. तिची बदली झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हा सूडच असल्याचं म्हटलं, तिला इंदूरला परत नेमायला लावलं आणि पन्नास हजार खर्चही देववला.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या खामगाव-मलकापूरच्या दुकानांतल्या बायांसाठी २०१३ च्याच कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. देशभर अशा समित्या नेमण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये मुदत घालून द्यावी लागली, कायद्याला अकरा वर्षं उलटल्यावर. लोणारच्या बाईने बुलढाण्याला खेटे घालावेत, असंही कायदा म्हणत नाही. तालुक्यातच समन्वय अधिकारी हवा, आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते.