एकाच्या खांद्यावर संघ किती दिवस?

मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याच्या परिसरात हळवे भात कापले गेले की रिकाम्या खाचरांत मुलांचा फुटबॉल सुरू होतो. दोन दगड मांडले की गोल तयार! गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी प्रस्तुत लेखकाने असा एक सामना पाहिला. एका संघात पंधरा-सोळा वर्षांचा एक विलक्षण चपळ मुलगा होता. बाकीची मुले चेंडू मिळताच त्याच्याकडे ढकलीत आणि उभी राहून पाहत. तो संघ सहज जिंकला. दिवाळीनंतर तो मुलगा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला. पुढच्या सामन्यात त्याच संघाला चेंडू कोणाकडे द्यावा हेच उमजेना.

हा प्रश्न केवळ खोडाळ्याचा नाही. एकट्याने संघ जिंकून दिल्याचे उदाहरण म्हणून १९८६ च्या विश्वचषकातील मॅराडोनाचे नाव हमखास घेतले जाते. अर्जेंटिनाने त्या स्पर्धेत चौदा गोल केले. त्यांपैकी पाच मॅराडोनाचे स्वतःचे आणि पाच त्याने दिलेल्या चेंडूंवर झालेले. पण अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने मॅथाउससारखा खेळाडू त्याच्या मागावर ठेवला. त्या दिवशी अर्जेंटिनाचे तिन्ही गोल इतरांनी केले. शेवटचा, निर्णायक गोल बुरुचागाचा. त्यासाठी लागणारा चेंडू मात्र मॅराडोनाने पुढे सारलेला. नायकाने वाट मोकळी करून दिली हे खरे, पण त्या वाटेने धावणारा कोणीतरी तयार होता, हेही तितकेच खरे.

योगायोग असा की, त्याच १९८६ च्या जानेवारीत ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान रबराच्या एका कड्याने दगा दिल्यामुळे नष्ट झाले. मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये त्या कड्याचेच नाव देऊन एक सिद्धांत मांडला. ज्या कामात अनेक कड्या एकमेकींवर अवलंबून असतात, तेथे एक कच्ची कडी बाकीच्या उत्तम कड्यांचे मोलही मातीत घालते, हे त्याचे सार. फुटबॉलला हे तंतोतंत लागू पडते.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर हा गोलरक्षक. त्याचे काम गोल करण्याचे नव्हे, होऊ न देण्याचे. गोव्याने १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे संतोष करंडक जिंकला, तो अशा पहाऱ्याच्या बळावर. मागे भरवशाचा माणूस उभा असला की पुढचे दहा जण निर्भयपणे खेळतात. श्रेष्ठ खेळाडू संघाला तारतो तो असा : इतरांचे काम स्वतः करून नव्हे, तर इतरांना त्यांचे काम करण्याचे धैर्य देऊन.

याउलट आज देशाच्या संघाची स्थिती काय आहे? सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. त्याच वर्षीच्या आशिया चषकात मात्र भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यालाच पुन्हा मैदानात उतरावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दारही बंद झाले. यात छेत्रीचा दोष नाही. व्याज निर्माण करण्याऐवजी मुद्दलावरच वर्षानुवर्षे संसार चालविणाऱ्या कुटुंबाची जी गत होते, तीच येथे झाली.

खोडाळ्याच्या त्या मुलाला कोणी छेत्री म्हणून शोधीत येईल, अशी भाबडी आशा बाळगण्यात अर्थ नाही. परंतु पोटासाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना हंगामी वसतिगृहाचा खराखुरा आधार मिळाला, तर तो मुलगा गावात राहील, शिकेल आणि खेळेलही. आणि शाळेत खेळ शिकविणारा कोणी असेल, तर उरलेल्या दहांनाही चेंडू पायात ठेवण्याची सवय लागेल. गुणवान एकटा निपजतो; संघ मात्र घडवावा लागतो. हे काम दैवावर सोपवून चालणार नाही.